‘पाय’चे अंक आणि धारचा सर्पबंध

२१ मार्च २०१५ रोजी वेल्लोरच्या व्हीआयटी विद्यापीठात राजवीर मीणा या तरुणाने डोळ्यांवर पट्टी बांधून ‘पाय’चे अंक म्हणायला सुरुवात केली. दशांश चिन्हापुढचे ७०,००० अंक त्याने म्हटले; त्याला जवळजवळ दहा तास लागले आणि गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. त्याआधी १९८१मध्ये मंगळूरला राजन महादेवन यांनी ३१,८११ अंक म्हणून दाखवले होते. ही डोकी जन्मतःच निराळी, असे म्हणून आपण मोकळे होतो. पाठांतरामागे मात्र एक रीत असते, आणि त्या रीतीची एक जुनी खूण माळव्यात, धारला, दगडावर कोरलेली आहे.

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की येणारी संख्या म्हणजे पाय: ३.१४१५९२६५... हे अंक संपत नाहीत आणि त्यांची एकच माळ पुन्हापुन्हाही येत नाही, हे लांबर्ट या गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केले. पावकी-निमकी-दिडकी म्हणताना पुढचे पाऊल मागच्यावरून कळते. इथे तसा आधार नाही, तो पाठ करणाऱ्यानेच निर्माण करायचा. म्हणून अनेक विक्रमवीर अंकांचे छोटे गट पाडतात, प्रत्येक गटाला एखादी वस्तू किंवा व्यक्ती ठरवून देतात आणि ती चित्रे ओळखीच्या वाटेवर ओळीने उभी करतात. आठवताना मनाने त्या वाटेवरून चालत जायचे. अंकांना आकार आणि जागा मिळाली की ते टिकतात.

धार ही परमारांची राजधानी. राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथून राज्य करत होता. भोजशाळा किंवा कमाल मौला मशीद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूवरून जुना वाद आहे. या लेखापुरता प्रश्न तिथल्या खांबांवरील अक्षरांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिथल्या कोरीव लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांत दोन सर्पबंध आहेत. सापाच्या वेटोळ्यांत एकीकडे संस्कृतची वर्णमाला आणि प्रत्यय, तर दुसरीकडे काळ आणि अर्थांनुसार बदलणारे क्रियापदांचे प्रत्यय मांडलेले आहेत. भोजानंतरच्या उदयादित्य आणि नरवर्मा या राजांची नावे त्यांच्याशी जोडलेली आहेत. असेच लेख उज्जैन आणि ऊन इथेही आहेत, तेव्हा ही एकट्या कारागिराची हौस नव्हे. प्रत्ययांची रुक्ष यादी सापाच्या अंगावर बसली की प्रत्येक प्रत्ययाला ठरलेले घर मिळते. कोणता प्रत्यय कुठल्या वळणावर, हे डोळ्यांत राहते. वेल्लोरच्या मंचावर आणि धारच्या खांबावर स्मरणाचे तत्त्व एकच आहे.

पायचा धागाही धारहून महाराष्ट्रात येतो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८चा (इ.स. १२०७) एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे. त्यातल्या वंशावळीत भास्कराचार्यांचे एक पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचे नमूद आहे. हा भोज धारचाच, असे अभ्यासक मानतात.

याच भास्कराचार्यांनी ११५०मध्ये ‘लीलावती’त पायची किंमत पद्यात बांधली. पद्यात आकडे लिहायचे कसे? वस्तूंची नावे घेऊन. ‘भ’ म्हणजे नक्षत्र, ती २७, ‘नंद’ ९, ‘अग्नी’ ३. ही नावे उजवीकडून डावीकडे वाचायची, की ३९२७ मिळतात. ‘ख’ म्हणजे आकाश, शून्य, ‘बाण’ ५, ‘सूर्य’ १२, त्यांचे होतात १२५०. ३९२७ला १२५०ने भागले की ३.१४१६. व्यवहारापुरता २२/७ हा अपूर्णांकही त्यांनी दिला. दोघांतला फरक पृथ्वीवर मोजून पाहावा. विषुववृत्तावरचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर धरला, तर २२/७ने परीघ १६ किलोमीटरने चुकतो, ३.१४१६ने चूक शंभर मीटरच्याही आत येते.

केरळी गणितज्ञांची कटपयादी पद्धत आणखी पुढे गेली. तिथे प्रत्येक व्यंजनाला अंक ठरलेला: क, ट, प, य यांचा १, ख, ठ, फ, र यांचा २, आणि असेच पुढे. त्यामुळे अर्थपूर्ण ओळ हीच संख्या होते. शंकरवर्मन यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या ‘सद्रत्नमाला’त अशा एका ओळीत पायची सतरा दशांश स्थळे बसली आहेत. कृष्णस्तुतीतून बत्तीस अंक देणारा एक श्लोकही ‘प्राचीन’ म्हणून फिरतो. तो १९६५मध्ये छापलेल्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकातून प्रसिद्ध झाला आणि त्याला जुन्या ग्रंथाचा आधार दाखवता येत नाही. त्याची रचना सुंदर आहे, तेवढे कौतुक पुरे.

ठरलेली जागा आणि अर्थपूर्ण शब्द यांच्या जोडीला स्मरणाला आधार देणारी तिसरी गोष्ट म्हणजे लय. देवासला १९४८पासून राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकगीतांचा ध्यास घेतला, त्या धुनांतून बंदिशी आणि राग घडवले. ही गीते पिढ्यानपिढ्या बायकांच्या कंठात, कागदाशिवाय टिकली होती, कारण प्रत्येक शब्दाला सुराने धरून ठेवले होते.

हा वारसा मुलांच्या हाती देणे अवघड नाही. “धारचा तो सर्पबंध मी ओळखणारच.” प्रत्येक शब्दातली अक्षरे मोजा, जोडाक्षर एकच धरा: ३, १, ४, १, ६. भास्कराचार्यांची किंमत हाती आली. अशी वाक्ये मुलांनी स्वतः रचावीत. पण त्याआधी त्यांनी ताटाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजावा, व्यास मोजावा आणि भागाकार करून तीनच्या थोडे वर काय येते ते पाहावे. मग हवे तितके अंक पाठ करावेत. नासाच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेला ग्रहांदरम्यानच्या अचूक दिशादर्शनासाठी पंधरा दशांश स्थळे पुरतात, म्हणजे पंधरानंतरचा प्रत्येक अंक निव्वळ आनंदाचा. तो आनंद जरूर घ्यावा. मात्र पाटणचा मठ ग्रंथ शिकवण्यासाठी उभा राहिला होता, हे पाठांतराची स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक शाळेने लक्षात ठेवावे: अंक म्हणून दाखवणाऱ्या मुलाला ते कुठून आले हेही विचारावे, आणि त्या उत्तरालाही गुण द्यावेत.