धाडसाचा हिशेब

पावसाळा सुरू झाला की मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून दरवर्षी तोच वाद उपस्थित होतो. मुलगा पाठीवर पिशवी टाकून हरिश्चंद्रगडाकडे निघतो आणि वडील दारात उभे राहून विचारतात, ‘जीव धोक्यात घालण्याची ही हौस कशासाठी?’ एखादा अपघात घडला म्हणजे बंदीचा हुकूम निघतो, चार दिवस हळहळ व्यक्त होते आणि पुढल्या शनिवारी गडाच्या पायथ्याशी पुन्हा तितकीच गर्दी जमते. बंदी आणि बेफिकिरी यांच्यामध्ये विचार नावाची एक वस्तू आहे, तिची आठवण मात्र कोणालाच होत नाही.

वडिलांच्या काळजीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण ही काळजी मोजूनमापून केलेली नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रोनाल्ड हॉवर्ड यांनी अशा मोजणीसाठी ‘मायक्रोमॉर्ट’ हे परिमाण सुचविले. मृत्यूची दहा लाखांत एक शक्यता म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. पाश्चात्त्य देशांतील आकडेवारी पाहिली तर विमानातून हवाई छत्री घेऊन मारलेली एक उडी फार तर दहा मायक्रोमॉर्टची भरते. आणि ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरून सुमारे १० किलोमीटर जाणे हेच एक मायक्रोमॉर्टचे! आपल्या देशात तर २०२२ या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,००० हून अधिक माणसे दगावली. गडावर जाण्यास मनाई करणारा पिता मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली निश्चिंतपणे देतो, शिरस्त्राणाची चौकशीही करीत नाही. रोजच्या सवयीचा धोका डोळ्यांना दिसत नाही, हेच खरे.

तथापि, या हिशेबाने तरुणांनीही हुरळून जाऊ नये. छत्रीने उडी घेणाऱ्याजवळ शिक्षण असते आणि पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते. त्याचा आकडा शेवाळलेल्या कड्यावर साध्या चपला घालून चढणाऱ्यास लागू पडत नाही. सह्याद्रीचा जो पाषाण हिवाळ्यात पावलाला आधार देतो, तोच आषाढात दगा देतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात वाहून गेले. ती मंडळी कड्यावर चढत नव्हती. वर्षासहलीला आली होती. धोका पत्करणे निराळे आणि धोका न ओळखणे निराळे. पहिल्यास धाडस म्हणता येईल, दुसऱ्यास नाही.

‘जीव माझा, मर्जी माझी’ हा युक्तिवादही आम्हांस पुरता पटत नाही. दरीत कोणी अडकले म्हणजे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक अपरात्री, भर पावसात दोर लावून खाली उतरतात. त्यांनाही घरदार असते. आपल्या हौसेच्या जमाखर्चात त्यांचा जीव कोणत्या रकान्यात मांडायचा, हे निघण्यापूर्वीच ठरविले पाहिजे.

मग धाडस करूच नये काय? अवश्य करावे, पण परतण्याची विद्या शिकून करावे. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन हा गिर्यारोहक कृत्रिम प्राणवायूवाचून एव्हरेस्टवर २८,१२६ फुटांपर्यंत पोचला. शिखर सुमारे ९०० फूट उरले होते. दृष्टी दगा देऊ लागली होती, दिवस निसटत होता. तो मागे फिरला. चारच दिवसांनी त्याचे सहकारी मॅलरी आणि अर्विन शिखराकडे निघाले, ते परतले नाहीत. त्या दोघांची नावे सर्वतोमुखी झाली. नॉर्टनचे नाव फारसे कोणास ठाऊक नाही. पण प्राणवायूवाचून गाठलेल्या उंचीचा त्याचा विक्रम १९७८ पर्यंत अबाधित राहिला आणि तो स्वतः १९५४ पर्यंत जगला.

दारात उभ्या असलेल्या पित्याने म्हणूनच ‘कशाला जातोस?’ असे विचारू नये. ‘कोणाबरोबर जातोस, काय शिकून जातोस आणि कोठून मागे फिरशील?’ असे विचारावे. ज्या मुलापाशी याचे उत्तर असेल त्याला खुशाल जाऊ द्यावे. ज्यापाशी नसेल त्याने अजून घराचा उंबरठा ओलांडू नये.