मुखांतील गांठीची पारख

जिभेचा शेंडा खालच्या ओठाच्या आंतील बाजूवरून हळूच फिरविला, तर कणीसारखे बारीक उंचवटे लागतात. तो रोग नव्हे. ते लाळ उत्पन्न करणारे लहान पिंड होत. कानाजवळ, जबड्याखालीं व जिभेखालीं असलेल्या मोठ्या पिंडांच्या तीन जोड्या पाठ्यपुस्तकांमुळें सर्वांस परिचित असतात. परंतु ओठ, गाल, टाळू व जीभ यांच्या अस्तराखालीं असे लहान पिंड सुमारें ६०० ते १,००० विखुरलेले असतात, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

या लहान पिंडांत अर्बुद, म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीची गांठ, क्वचितच होतें. मात्र झालें तर सावध राहिलें पाहिजे. कानाजवळील पिंडांतील बहुतेक अर्बुदें निरुपद्रवी निघतात; लहान पिंडांतील जवळजवळ निम्मीं घातक ठरतात. शिवाय दोन्ही प्रकार प्रारंभीं सावकाश वाढतात व बहुधा दुखत नाहींत. तेव्हां ‘दुखत नाहीं, मग काळजी कशाला?’ हा घरगुती न्याय येथें उपयोगी पडत नाहीं.

वैद्य प्रथम स्थान पाहतो. खालच्या ओठाला दांत लागून पिंडाची नळी फाटली, कीं लाळ सांचून मऊ, निळसर फोड येतो. तो फुटतो व पुन्हां भरतो. तें अर्बुद नव्हे. पण त्याच ओठांत पिंडाचें खरें अर्बुद झालें, तर तें घातक निघण्याचा संभव अधिक. वरच्या ओठाचें याच्या उलट आहे. तेथील गांठ बहुधा निरुपद्रवी असते. ‘कॅनालिक्युलर अ‍ॅडिनोमा’ ही दुर्मिळ जात तर मुख्यतः तेथेंच, आणि तीही उतारवयांत, आढळते.

परंतु स्थानावरून होतो तो तर्क, निर्णय नव्हे. निर्णय सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं होतो, आणि तेथेंही फसगत होऊं शकते. वरील जातीच्या पेशी मण्यांच्या दुपदरी माळेप्रमाणें दिसतात; एकाच ओठांत तिच्या अनेक गांठी असूं शकतात, त्यामुळें रोग पसरल्याचा भास होतो. खरा भेद कडेला कळतो. घातक गांठ शेजारच्या भागांत शिरते व कित्येकदां मज्जातंतूंच्या वाटेनें पुढें जाते. निरुपद्रवी गांठ तसें करीत नाहीं. अगदीं लहान तुकडा तपासला तर ही कडच दिसत नाहीं. म्हणून ओठांतील लहान गांठ सगळीच काढून तपासतात. टाळूवरील मोठ्या गांठीचा आधीं खोलवर तुकडा घेतात व हाडाची स्थिति सी. टी. स्कॅननें पाहतात.

तीन आठवड्यांत न गेलेली गांठ वैद्यास दाखवावी. आणि काढलेली गांठ कितीही क्षुल्लक दिसली, तरी ती टाकून न देतां तपासणीस पाठविली आहे ना, हें आवर्जून विचारावें. ती निरुपद्रवी होती असें म्हणण्याचा अधिकार त्या तपासणीनंतरच येतो.