बदली झाली, पण साहेब जुनेच!

"अहो, कुठल्या कर्नलसाहेबांची बदली झाली म्हणे?"

हातात चकलीचा सोऱ्या घेऊन आमची सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा मामेभाऊ फौजेत आहे. त्यामुळे 'कर्नल' हा शब्द कानी पडला की तिचे लक्ष हटकून तिकडे जाते. मी मात्र फोनवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला काकुळतीने सांगत होतो, "अगं, नवा कर्नल बसवला असं यंत्र म्हणतं, पण कारभार बघतोय जुनाच!"

वाचकहो, हा कर्नल फौजेतला नव्हे. इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार जवळजवळ एकच. पण या दुसऱ्याचा अर्थ गर, गाभा. बदामाचे कवच फोडल्यावर आत मिळतो तो. संगणकाच्या कार्यप्रणालीलाही असा एक गाभा असतो. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, छपाईयंत्राशी कोणी बोलायचे, हे सारे तोच ठरवतो. आमच्या यंत्रावर लिनक्स आहे. 1991 साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा रचायला घेतला आणि जगाला वाटून टाकला. फुकट मिळते म्हणूनच आमच्या मराठी विभागाच्या वाट्याला ते आले, हे कबूल केलेले बरे.

त्या यंत्रात आमचा ठेवा आहे. पेठ वडगावच्या आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून आमच्या मुलामुलींनी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या आहेत. त्या गाणाऱ्यांपैकी कितीतरी आज हयात नाहीत. दिवाळीच्या सुटीत ते यंत्र मी घरी आणले होते. मुले येत, ऐकत आणि उतरवून घेत. प्रत्येकाचे खाते निराळे. मूळ मुद्रणे सर्वांनी ऐकावीत, पण त्यांना हात कोणी लावू नये, अशी व्यवस्था होती. आणि ती व्यवस्था सांभाळणारा हाच तो गाभा!

गाभ्याला भोक पडले तर काय होते, ते मार्च 2022 मध्ये जगाने पाहिले. मॅक्स केलरमन नावाच्या प्रोग्रॅमरला बिघडलेल्या नोंदींच्या फाइलींचा माग काढता काढता लिनक्सच्या गाभ्यात एक भगदाड सापडले. 'डर्टी पाइप' हे त्याचे नाव. जी फाइल केवळ वाचायची मुभा आहे, तिच्यातही साध्या वापरकर्त्याला मजकूर घुसवता येत होता. गाभ्याच्या नव्या आवृत्त्यांनी ते बुजवले. अशी भोके अधूनमधून सापडतात आणि बुजवली जातात. पण बुजवलेला गाभा आपल्या यंत्रात प्रत्यक्ष चालू नसेल, तर त्याचा उपयोग काय?

विद्यार्थिनी संध्याकाळी आली. माझ्या वर्गात ती व्याकरणात कच्ची होती. आज बाजारपेठेत तिचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. आल्या आल्या तिने विचारले, "सर, ओव्यांची दुसरी प्रत कुठाय?"

मी छताकडे पाहिले. ती काही बोलली नाही. पिशवीतून बाहेरची डिस्क काढून तिने आधी सगळ्या मुद्रणांची प्रत करून घेतली आणि मगच यंत्राला हात लावला.

'यूनेम' अशी एक आज्ञा असते. तिच्यापुढे आडवी रेघ आणि 'आर' हे अक्षर दिले की सध्या चालू असलेल्या गाभ्याचा क्रमांक पडद्यावर येतो. क्रमांक जुनाच आला.

"सर, यंत्र रोज बंद करता का?"

"अगं, रोज! न चुकता."

"बंद म्हणजे नक्की काय करता ओ?"

करून दाखवले, तेव्हा कळले की मी यंत्र बंद करीत नव्हतो, नुसते झोपवीत होतो! तिने समजावले: नवा गाभा येतो तो डिस्कवर येऊन बसतो, जुना स्मृतीत कामावर असतो. यंत्र पुरते थांबून पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच राज्य करतो. झोपेतून उठलेले यंत्र आधीच्याच गाभ्यानिशी उठते. बदलीचा हुकूम निघाला, नवे साहेब गावात आले, पण जुने खुर्चीवरून उठलेच नाहीत, तशातली गत.

यंत्र पुन्हा सुरू केले. क्रमांक जुनाच!

"मग नवे साहेब खरंच गावात आलेत का, ते बघू," ती म्हणाली. आरंभाच्या फाइलींचा 'बूट' नावाचा एक कप्पा असतो. काही यंत्रांत तो लहान असतो. जुन्या गाभ्यांनी तो भरला की नव्याला जागा उरत नाही आणि बसवणे अर्धवट राहते. आमच्याकडे जागाही होती आणि नवा गाभाही तिथे नीट बसला होता.

उरला दारवान. यंत्र सुरू होताना कोणत्या गाभ्याला आत सोडायचे, ते 'ग्रब' नावाचा लहानसा प्रोग्रॅम ठरवतो. त्याला दिलेल्या सूचनांची फाइल तिने उघडली आणि हसू लागली. तिथे एका जुन्या गाभ्याचेच नाव लिहून ठेवले होते.

आणि मला आठवले! दोन वर्षांपूर्वी एका बदलानंतर वायफाय चालेना, तेव्हा एका मुलाने जुना गाभा निवडून तोच कायम केला होता. "बाबा रे, चालतंय ते बदलू नकोस," असे मीच त्याला बजावले होते. त्यानंतर आलेला प्रत्येक नवा गाभा दारातच उभा राहिला. आणि मी 'बसवले' हा शब्द वाचून निर्धास्त!

मला आमचे आजोबा आठवले. शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 साली आले, 1972 मध्ये आणखी 4 वाढले. आजोबांनी ते वाचले होते, मान्यही होते. तरी अखेरपर्यंत त्यांच्या पत्रांत 'नांव' आणि 'घरांत' अनुस्वारासकटच येई. नियम घरात आला होता. बोटांत उतरला नव्हता. गंमत म्हणजे त्यांच्या या सवयीवर मी वर्गात विनोद करीत असे!

तिने सूचना बदलली, यादीतला पहिला म्हणजे सर्वांत नवा गाभा घ्यावा असे लिहिले, 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. क्रमांक नवा आला. वायफायही चालले, ती अडचण मधल्या एखाद्या आवृत्तीत केव्हाच दूर झाली असावी.

"आधीचा एक गाभा मात्र राहू द्या, सर," ती म्हणाली. "नव्यानं दगा दिला, तर सुरू होतानाच्या यादीतून तो निवडता येतो. फक्त निवडला की कुठंतरी लिहून ठेवा."

सगळे ठीक आहे ना, हे पाहायला तिने एक मुद्रण लावले. आवाज एका आजींचा होता. त्या जाऊन वर्ष झाले. जात्याची घरघर खोलीत भरली. आम्ही दोघेही गप्प झालो. दारात पाहतो तो सौभाग्यवतीही सोऱ्या हातात धरून ऐकत उभी!

त्या वर्षीच्या चकल्या जरा जास्तच खमंग झाल्या, एवढेच सांगतो.