हेवी मेटलच्या ताफ्यात तबकडीवाला कशासाठी?

आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द उच्चारला की विसर्जन मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांची भिंत आणि छातीत बसणारे हादरे आठवतात. त्यामुळे अमेरिकेतील एखाद्या हेवी मेटल बँडच्या सदस्यांत गायक, गिटारवादक आणि ड्रमवादक यांच्या जोडीला ‘डीजे’ही आढळला, तर सामान्य रसिक बुचकळ्यात पडतो. आधीच कानठळ्या बसवणाऱ्या या संगीतात तबकडी फिरवणाऱ्या माणसाने आणखी काय भर घालायची?

इथला डीजे गाणी ‘लावत’ नाही. तो तबकडी वाजवतो. एका हाताने फिरती तबकडी सुईखाली मागे-पुढे ओढायची आणि दुसऱ्या हाताने मिक्सरवरील सरकती कळ हलवून आवाज क्षणोक्षणी तोडायचा-जोडायचा, हे ‘स्क्रॅचिंग’चे तंत्र. हात जितका वेगाने फिरेल तितका स्वर चढतो, मंदावला की उतरतो. डग्ग्यावर मनगट सरकवून तबलजी जो घिस्सा काढतो, त्याच्याशी याचे दूरचे नाते जोडता येईल. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ग्रँड विझर्ड थिओडोर याला १९७० च्या दशकाच्या मध्यास हे तंत्र गवसले. आई रागावली म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने धरली आणि तो ‘खर्रर्र’ आवाज त्याला आवडून गेला, अशी त्याची कथा आहे.

हिप-हॉपचे हे अपत्य मेटलच्या घरात यायला बराच काळ गेला. १९९१ मध्ये अँथ्रॅक्स या मेटल बँडने पब्लिक एनिमी या रॅप समूहासोबत ‘ब्रिंग द नॉइझ’ ध्वनिमुद्रित केले आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांची दिलजमाई होऊ शकते हे दिसले. पुढच्याच वर्षी रेज अगेन्स्ट द मशीनच्या टॉम मोरेलोने केवळ गिटारवर स्क्रॅचिंगसारखे ध्वनी काढले. ते इतके हुबेहूब होते, की सॅम्पल वा कीबोर्ड वापरलेला नाही, असा खुलासा अल्बमच्या वेष्टनावर छापावा लागला. गिटारवादकानेच तबकडीची नक्कल केली, तिथेच तिच्यासाठी जागा तयार झाली होती.

ती खऱ्या अर्थाने भरली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘न्यू मेटल’मध्ये. या पिढीने गिटारच्या तारा खालच्या स्वरात उतरवल्या आणि जुन्या मेटलचा मानबिंदू असलेला प्रदीर्घ गिटार सोलो जवळजवळ मोडीत काढला. खालचा पट्टा गिटारींनी व्यापला, वरचा रिकामा राहिला. सोलोचीही जागा मोकळी झाली. तबकडीचा टोकदार, खरखरीत आवाज दोन्हीकडे नेमका बसला. म्हणूनच लिंप बिझकिटने हाऊस ऑफ पेन या हिप-हॉप समूहातील डीजे लीथलला आपलेसे केले. लिंकिन पार्कच्या २००० मधील ‘हायब्रिड थिअरी’वर तर ‘क्युअर फॉर द इच’ ही संपूर्ण गायनविरहित रचना जो हान या डीजेच्या करामतीवर उभी आहे. एकट्या अमेरिकेत कोटीहून अधिक प्रती खपलेल्या अल्बममध्ये डीजेला मिळालेला हा मान लहान नव्हे. डेफ्टोन्सच्या फ्रँक डेलगाडोचा बाज निराळा. ओरखड्यांपेक्षा गाण्यामागे धुक्यासारखे पसरणारे ध्वनी हे त्याचे काम, आणि ‘व्हाइट पोनी’ (२०००) ऐकताना ते काढून टाकल्याची कल्पनाही करवत नाही.

व्यासपीठावर मात्र हे वाद्य फार नाजूक. सुई खाचेतील सूक्ष्म कंपने टिपते. पण ड्रम्स आणि बासचे हादरेही ती तितक्याच इमानाने टिपते. ते पुन्हा ध्वनिक्षेपकांतून बाहेर पडतात, पुन्हा सुईत शिरतात आणि घुमणारा गलका सुरू होतो. उड्या मारणाऱ्या साथीदारांमुळे सुई उडते ती वेगळीच. यासाठी टर्नटेबलखाली जाड फोम वा वजनदार बैठक घालावी लागे. २००० नंतर आलेल्या सेराटोसारख्या प्रणालींनी हा ताप बराच हलका केला. त्यांच्या खास तबकडीवर गाणे नसतेच. ती किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरते एवढे सुई संगणकाला कळवते. प्रत्यक्ष आवाज संगणक देतो.

डीजे केवळ फॅशनपुरता, असा आरोप तेव्हाही झाला आणि तो सर्वस्वी खोटा नाही. काही बँडमध्ये तबकडी छायाचित्रात दिसे, गाण्यात शोधावी लागे. स्लिपनॉटच्या नऊ मुखवटेधारींतील सिड विल्सनच्या तबकडीपेक्षा त्याच्या उड्यांचीच चर्चा अधिक. २००८ च्या दौऱ्यात अशाच एका उडीत दोन्ही टाचा मोडल्यावर तो चाकांच्या खुर्चीतून कार्यक्रमाला हजर झाला!

आरोपापेक्षा मोठा फटका बसला तो सोलोच्या पुनरागमनाने. लिंकिन पार्कच्याच २००७ मधील ‘मिनिट्स टू मिडनाइट’मध्ये गिटार सोलो परतले आणि स्क्रॅचिंग मागे सरले. डेलगाडो आणि इन्क्युबसचा ख्रिस किलमोर कीबोर्डकडे अधिकाधिक वळले. आपल्या बँडमध्ये ते टिकले, तबकडीचा वावर तेवढा आक्रसला. हान यांनी ती सोडली नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘फ्रॉम झीरो’ या लिंकिन पार्कच्या अल्बममधील ‘टू फेस्ड’मध्ये तो जुना ‘खर्रर्र’ पुन्हा स्पष्ट ऐकू येतो.