हप्ता पडला का?

पंचायत समितीच्या आवारात सकाळी अकराच्या सुमाराला उभं राहिलं की हा प्रश्न कानावर येतोच. कुणी पासबुक उघडून दाखवत असतो, कुणी मोबाईलवरचा मेसेज शेजारच्या पोराकडून वाचून घेत असते. योजनेचं लांबलचक नाव इथे कुणी घेत नाही. ‘आम्हाला घरकुल आलंय’ एवढंच म्हणतात. हे ‘आलंय’ मोठं फसवं क्रियापद आहे. आलेलं असतं ते यादीतलं नाव. घर अजून कागदावर असतं आणि तिथून जमिनीवर यायला त्याला तीन-चार हप्ते लागतात.

सरकारी पैशातून गावच्या गरिबाचं घर ही कल्पना नवी नाही. इंदिरा आवास योजना 1985-86 मध्ये एका रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि 1996 मध्ये स्वतंत्र झाली. तिच्या जागी 1 एप्रिल 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली. महाराष्ट्रात तिच्या जोडीला राज्याच्या योजना आहेत : अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, ओबीसींसाठी मोदी आवास. गावाच्या तोंडी मात्र या सगळ्यांना एकच शब्द, घरकुल.

सरकार घरकुल बांधून देत नाही. ठेकेदार नेमायला तर नियमानेच मनाई आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं आणि सरकारने त्याच्या खात्यात पैसे टाकायचे. सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण 269 चौरस फूट. भागाकार केला तर चौरस फुटाला 446 रुपये पडतात. ही रक्कम 2016 पासून हललेली नाही. सिमेंट, सळई आणि गवंड्याची हजेरी यांना मात्र कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

म्हणून बाकीच्या खिशांतून भर घालावी लागते. रोजगार हमीतून सपाट भागात 90 दिवसांची मजुरी मिळते. 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 28 हजार 80 रुपये होते. शौचालयाचे 12 हजार. राज्याने 2025 मध्ये आणखी 50 हजारांची भर जाहीर केली. सगळं जमेला धरलं तर आकडा 2 लाख 10 हजारांपाशी जातो. पण प्रत्येक खिशाचं बटण वेगळ्या टेबलावर. मजुरीला हजेरीपट लागतो, शौचालयाला वेगळा प्रस्ताव. एका घरासाठी माणूस तीन दारं वाजवतो.

त्याआधी यादी. सुरुवातीची यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून निघाली. तीत सुटलेल्यांसाठी 2018-19 मध्ये नवं सर्वेक्षण झालं. त्यातून निघाली ती आपल्याकडची प्रसिद्ध ‘ड यादी’. नावं ग्रामसभेत वाचली जातात, आणि गावातली सर्वांत बोलकी सभा बहुधा तीच असते. कोण गरीब, हे ठरवायचे निकषही काळाबरोबर ओशाळतात. पूर्वी घरात फ्रिज किंवा दारात दुचाकी असली की नाव कटायचं. शेतमजूरही कामाच्या शोधात जुनी मोटारसायकल दामटतो, हे कागदाला उशिरा कळलं. 2024 मध्ये या अटी शिथिल झाल्या आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजारांवर गेली.

यादीत नाव लागलं तरी पायाखाली जमीन हवी. गायरानावर दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाकडे घरपट्टीची पावती असते, मालकीचा कागद नसतो. भावकीच्या सामाईक जागेत एका भावाला घरकुल येतं आणि बाकीचे संमती देत नाहीत. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्य योजना आहे. तिची मदत 50 हजारांवरून 1 लाखापर्यंत वाढली. तरी गावठाणाच्या कडेला त्या पैशात जागा देणारा मालक शोधणं, हे काम कुठलाही शासननिर्णय करून देत नाही.

आता हप्ते सोडणाऱ्या खुद्द यंत्राकडे येऊ. या यंत्राचा डोळा म्हणजे फोटो. आधी कुटुंबाच्या जुन्या घराचा फोटो निघतो, मग नव्या जागेचा; दोन्हींवर अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटते. मंजुरीनंतर पहिला हप्ता येतो, महाराष्ट्रात 15 हजारांचा. पाया भरून घर जोत्यावर आलं की पुन्हा फोटो. भिंती लिंटेलपर्यंत चढल्या की फोटो. छत पडलं, घर पूर्ण झालं की फोटो. बहुतेक फोटोंत लाभार्थी अर्धवट भिंतीसमोर ताठ उभे असतात, लग्नाच्या अल्बममध्ये उभे राहावेत तसे. गृहनिर्माण अभियंता किंवा ग्रामसेवक ते ॲपवर चढवतो. तिथून माहिती ‘आवास सॉफ्ट’ या संगणक प्रणालीत जाते, निधी हस्तांतरणाचा आदेश तयार होतो, त्यावर एकामागून एक दोन डिजिटल सह्या होतात आणि पैसे थेट खात्यात पडतात. मध्ये कुणाचा हात लागायला नको, हा हेतू. आणि तो बऱ्याच अंशी साधतोही. शिवाय मंजुरी शक्यतो नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने असते. ज्या बाईच्या नावावर आजवर रेशनकार्डावरच्या ओळीपलीकडे काही नव्हतं, तिचं नाव घराला लागतं. या यंत्राचं हे मोठं पुण्य.

पैसे हप्त्याने देण्यामागचं कारण सरळ आहे. एकरकमी दिले तर ते दवाखान्यात, लग्नात किंवा जुन्या देण्यात जातील, ही धास्ती. म्हणून दुसऱ्या हप्त्यापासून नियम एकच : आधी भिंत, मग पैसा. पण भिंत उभी राहायची तर विटा, सिमेंट आणि वाळू आधी लागते. 15 हजारांत जुनं घर पाडणं, पाया खोदणं आणि दगड आणणं एवढंच होतं. जोत्यापर्यंतचा उरलेला खर्च कुणाचा? गावातल्या सिमेंटवाल्याचा. त्याच्या गल्ल्याजवळ एक वही असते आणि तिच्यात लाभार्थ्यांची नावं ड यादीपेक्षा नेमकी असतात. कुणाचा फोटो चढला, कुणाचा अडकला, कुणाच्या खात्याला आधार जोडलेलं नाही, हे त्याला ठाऊक असतं, कारण त्याचा पैसा त्यात गुंतलेला असतो. उधारीचा माल रोखीपेक्षा महाग पडतो. तो फरक कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

हप्त्यांच्या वेळापत्रकाखेरीज दुसरं वेळापत्रक पावसाचं. 22 फेब्रुवारी 2025 ला पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या 20 लाख घरांना मंजुरी आणि सुमारे 10 लाख कुटुंबांना पहिला हप्ता दिला गेला. फेब्रुवारीत हप्ता मिळाला, म्हणजे हाताशी उन्हाळ्याचे तीन-साडेतीन महिने. त्याच दिवसांत सगळ्या गावाला तोच गवंडी हवा, तोच ट्रॅक्टर हवा. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत, पण वाळू घाटावर असते आणि वाहतूक आपली. गवंड्यांची टंचाई ओळखून योजनेत 45 दिवसांचं प्रशिक्षण आहे, शिकाऊ हातांनी खरोखरची घरकुलं बांधायची. तरीही जोत्यावर आलेलं घर जूनच्या पहिल्या सरीत सापडलं, तर दिवाळीपर्यंत जोत्यावरच राहतं.

तेवढे दिवस कुटुंब कुठे असतं? जागा एकच असल्याने नवं घर बहुधा जुन्याच जागी उभं राहतं. म्हणजे आधी डोक्यावरचं छप्पर स्वतःच्या हाताने उतरवायचं. मग शेजारच्या गोठ्यात आडोसा, ताडपत्रीची खोपी, नाहीतर गावातच भाड्याची खोली. घरमालक होण्यासाठी माणूस वर्षभर भाडेकरू होतो. सगळ्या खिशांच्या बेरजेत साहित्य आहे, मजुरी आहे, शौचालय आहे. या भाड्यासाठी मात्र रकाना नाही.

भाडेकरूला रोख मदत द्यायची सवय आपल्या राज्याला तशी कधी लागलीच नाही. मुंबईत 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली; भाडेकरूला आधार मिळाला, पण सरकारच्या तिजोरीतून नव्हे, मालकाच्या खिशातून. मालकांनी डागडुजी सोडली, चाळी खचू लागल्या, तेव्हा दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढावं लागलं. आजही शहरी आवास योजनेत कर्ज काढून घर घेणाऱ्याला 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याजाचं अनुदान आहे; भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या खात्यावर पडेल असा हप्ता नाही.

घर पूर्ण झालं की दर्शनी भिंतीवर योजनेचं नाव लिहितात आणि शेवटचा फोटो काढतात. ॲपमध्ये तीन फोटो एका ओळीत दिसतात : कुडाचं जुनं घर, लिंटेलपर्यंतच्या भिंती, रंगवलेलं नवं दार. पहिल्या दोन फोटोंच्या मधल्या पावसाळ्यात हे कुटुंब कुठे झोपलं, ते ॲपला विचारायचं नसतं. सिमेंटवाल्याला विचारलं तर सांगतो. ताडपत्रीसुद्धा त्याच्याच दुकानातून उधारीवर गेलेली असते.