मुशी, बेडूक आणि एक नाव

मासे, शार्क, साप, सरडे आणि बेडूक यांच्या अभ्यासकांची अमेरिकेत एक संयुक्त परिषद भरते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण ही मंडळी एकत्र का बसतात, हाच प्रश्न मला गमतीचा वाटला. वंशाच्या नात्याने पाहिले तर रोहूला मुशीपेक्षा (मुशी म्हणजे लहान शार्कच) बेडूक जवळचा! मग हे एकत्र येणे म्हणजे जुनी वहिवाट. १९१३ साली जॉन ट्रेडवेल निकोल्स यांनी या साऱ्या प्राण्यांसाठी एकच नियतकालिक काढले व एडवर्ड ड्रिंकर कोप या शास्त्रज्ञावरून त्याचे नाव ‘कोपिया’ ठेवले.

कोप विद्वान खराच. मात्र कृष्णवर्णीयांना तो हीन लेखी आणि स्त्रियांच्या मताधिकाराला त्याचा विरोध होता. परिषदेत विद्यार्थीही निबंध वाचतात, आपल्या भित्तिफलकाजवळ उभे राहून जाणत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. त्यांतल्या एखाद्या कृष्णवर्णीय मुलीने आपला पहिला लेख त्याच माणसाच्या नावाखाली छापून घ्यायचा? आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मला हा प्रश्न परका वाटत नाही.

२०२१ पासून ते नाव गेले. आता नियतकालिकाला फक्त दोन शास्त्रांचे नाव आहे, ‘इक्थिऑलॉजी अँड हर्पेटॉलॉजी’. यात इतिहास पुसला असे मला वाटत नाही. कोपने वर्णिलेल्या जातींपुढे त्याचे नाव आजही लिहिले जाते.