ढगाळ आठवडा आणि आपली छाती

"पुढील चार-पाच दिवस आकाश ढगाळ राहील. तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता. किमान तापमानात वाढ." कार्तिक संपता संपता असा अंदाज आला की आमच्या तासगाव-पलूस भागात पहिली धावपळ उडते ती द्राक्षबागेत. छाटणी होऊन बागा फुलोऱ्यात आलेल्या असतात आणि ढग, दव म्हणजे डाऊनीला आमंत्रण. शेतकरी अंदाजातला शब्द न् शब्द कान देऊन ऐकतो. त्याच अंदाजात त्याच्या म्हाताऱ्या आईच्या दम्याविषयी आणि धाकट्या मुलाच्या खोकल्याविषयीही काही सांगितलेले असते. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. त्यामुळे उत्तरेचे कोरडे, गार वारे अडतात आणि पूर्वेकडून दमट वारे आपल्याकडे येतात. रात्री ढग गोधडीसारखे पसरले की दिवसाची ऊब वर निघून जात नाही. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी 'फेंगल' चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण महाराष्ट्रातली थंडी अशीच गायब झाली होती आणि काही ठिकाणी पाऊसही पडला होता.

अशा आठवड्यात रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, आता थंडी कुठं आहे? मग पंप कशाला ओढायचा?" आणि नेमकी इथेच गडबड होते. थंडी हे दम्याचे एक निमित्त आहे, एकमेव नव्हे. ओलसर हवेत भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते. गाद्या-उशांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. ऊन नसल्याने अंथरुणे बाहेर पडत नाहीत, कपडे घरातच दोरीवर वाळतात, खिडक्या बंद असतात. चुलीतले लाकूड दमट असल्याने धूर दुप्पट होतो. त्यात शाळेतून मुले सर्दी घेऊन येतात. दम्याच्या माणसाला एवढे पुरे आहे.

पंप दोन प्रकारचे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक धाप लागल्यावर घ्यायचा, तात्पुरता आराम देणारा. दुसरा श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारा. हा रोज घ्यायचा, बरे वाटत असतानाही. दुसरा पंप बंद केला तर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, म्हणून लोकांना वाटते की त्याची गरजच नव्हती. सूज मात्र आतून वाढत राहते. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज तर आमच्या तालुक्यात ठाण मांडून बसला आहे. पंपातून जाणारे औषध अगदी थोडे असते आणि ते थेट छातीत पोचते. घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही. डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नये. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आरामाच्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लहान मुलांच्या बाबतीत घड्याळ हाताशी ठेवा. मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असतील किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. आजीबाई रागावल्या तरी चालेल, पण बाळाला धुरी देऊ नका. ओव्याचा असला तरी धूर तो धूरच.

हलक्या सरींनी आणखी एक काम होते. बागेतल्या उघड्या बॅरलमध्ये, टायरमध्ये, गच्चीवरच्या डब्यात पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला थंडी मानवत नाही, पण अशी ऊबदार हवा मानवते. त्याची अंडी भांड्याच्या कडेला महिनोन्महिने कोरडी राहूनही जगतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी नुसती ओतून न टाकता आतून घासून कोरडी करावीत. अंगदुखीसह ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे ही लक्षणे नेमकी ताप उतरतानाच दिसतात.

आता बागायतदारांसाठी थोडे. ढग आले की फवारण्या वाढतात. ब्लोअरमागे तोंडाला रुमाल बांधून उभे राहणे म्हणजे संरक्षण नव्हे; ओला रुमाल औषध धरून ठेवतो आणि तेच नाकाशी राहते. योग्य मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. काम झाल्यावर जेवणाआधी साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. फवारणीनंतर धाप, खूप घाम, लाळ, अंधुक दिसणे असे काही झाल्यास 'हवा बदलली' म्हणून सोडून देऊ नये. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल घेऊनच दवाखान्यात यावे. नाव कळले की उपचाराला दिशा मिळते.

ढग हटले की पारा एक-दोन रात्रींत झपाट्याने उतरतो. गार हवेत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो. तेव्हा रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या मंडळींनी पहाटे पाचचे फिरणे ऊन पडेपर्यंत पुढे ढकलावे आणि गोळ्या संपत आल्या असतील तर त्या आजच आणून ठेवाव्यात.